ज्येष्ठांची जानेवारी सहल : बस, जेवण आणि लाइव्ह जॅझ – वारंवार विचारले जाणारे प्रश्न

सहल जाहीर केल्यापासून फोन, व्हॉट्सॲप आणि सकाळच्या जॉगिंग ट्रॅकवर तेच तेच प्रश्न येतायत, आणि प्रत्येकाला वेगळं उत्तर देताना काहीतरी सांगायचं राहून जातं, म्हणून सगळं एकदाच इथे लिहिलंय. काका-काकूंनी स्वतः वाचा, डोळ्यांना त्रास होत असेल तर नातवंडांकडून वाचून घ्या. मुलं-सुनांनीही वाचलं तर फार बरं.

ही सहल नेमकी आहे तरी काय?

एका दिवसाची, बुधवारची. सकाळी बसने निघायचं, नाशिकजवळच्या गंगापूर धरणाच्या बाजूला एका रिसॉर्टच्या लॉनवर दिवस घालवायचा, नाश्ता, दुपारचं जेवण, चहा, आणि मधे दोन वेळा समोर बसून वाजवणारा खराखुरा जॅझ बँड. अंधार पडायच्या आत सगळे आपापल्या घरी. मुक्काम नाही, चढ नाही, दर्शनाची रांग नाही, आणि "चला चला लवकर" म्हणणारा कोणी नाही. ज्याला सगळ्यात जास्त वेळ लागतो त्याच्या चालीने दिवस आखलाय, आणि हे आम्ही मुद्दाम, ठरवून केलंय.

बुधवारच का? रविवारी मुलगा सोडायला आला असता.

कळतंय, पण शनिवार-रविवारी गंगापूर रोडला मुंबई-पुण्याच्या गाड्यांची रीघ असते, वायनरीच्या बाजूला तर फारच, आणि तासभर ट्रॅफिकमध्ये अडकलेली बस म्हणजे आपल्या वयाला शिक्षा. शिवाय वीकेंडला रिसॉर्टवर लग्नाची किंवा कंपनीची पार्टी असली की शेजारी डीजे लागतो. बुधवारी लॉन आपलं एकट्याचं आहे. मुलाला सुट्टी नसेल आणि स्टॉपवर यायला कोणीच नसेल तर आम्हाला सांगा, पुढच्या प्रश्नात त्याची सोय लिहिलीय.

बस कुठे कुठे थांबणार आणि दिवसभराचं टाइमटेबल काय?

बिटको चौक सव्वाआठ, द्वारका आठ पस्तीस, सीबीएस (मध्यवर्ती एसटी स्टँड) आठ पन्नास, कॅनडा कॉर्नर नऊ, गंगापूर नाका नऊ दहा. सिडको, पंचवटी, सातपूरवाल्यांनी यातला जवळचा स्टॉप धरा. स्टॉपपर्यंत येणंच ज्यांना जमत नाही (गुडघा, नजर, एकटं राहणं, काहीही कारण असो) त्यांना घरून आणायला आपल्या ग्रुपमधल्या दोन-तीन जणांच्या गाड्या आहेत, फक्त चार दिवस आधी कळवा.

वाटेत सोमेश्वरला वीसेक मिनिटं थांबू, ज्यांना महादेवाला जायचंय त्यांनी जावं, ज्यांना नाही त्यांनी खाली चहा घ्यावा नाहीतर बसमध्येच बसावं. सव्वादहाला पोचलो की नाश्ता. सव्वाअकरा ते बारा बँडचं पहिलं सत्र. साडेबाराला जेवण. मग आराम, दोन खोल्या फक्त आडवं व्हायला घेतल्यात. अडीच ते सव्वातीन दुसरं सत्र, चहा, पावणेचारला बस. शेवटचा स्टॉप बिटको, सव्वापाचपर्यंत.

बँड जेवणानंतरच ठेवायचा ना, सगळीकडे तसंच असतं?

सगळीकडे तसंच असतं आणि सगळीकडे अर्धी मंडळी खुर्चीत डुलक्या काढत असतात. म्हणून जोरदार, नवं, कान देऊन ऐकायचं ते जेवणाआधी, आणि जेवणानंतर संथ, गाणाऱ्या बाईंच्या आवाजातलं. दुसऱ्या सत्रात डोळा लागला तर लागू द्या, कोणी उठवणार नाही.

वयाची अट काय? माझे मिस्टर ६८ चे, मी ५६ ची.

साठच्या पुढे. जोडीदार कितीही वयाचा चालतो, त्यामुळे ताई तुम्ही बिनधास्त या. सोबतीला येणारी मुलगी, सून, भाचा, घरी कामाला असलेल्या मावशी, सगळे चालतात, फक्त त्यांचं नाव फॉर्ममध्ये टाका कारण ताट आणि सीट दोन्ही मोजून असतात. नातवंडांना मात्र या वेळी नको. ती आली की आजी दिवसभर त्यांच्यामागे धावते आणि तिची सहल होतच नाही.

पैसे किती आणि त्यात काय काय?

माणशी १,६०० रुपये. बस, नाश्ता, जेवण, दोन चहा, पाणी, खोल्या, बँड, सगळं आलं. निम्म्याच्या आसपास रक्कम बँडलाच जाते. ते मुंबईहून येणार, स्वतःची वाद्यं घेऊन, आणि आम्ही घासाघीस केलेली नाही, कलाकाराला त्याचे पैसे पूर्ण मिळाले पाहिजेत असं आमचं मत आहे. सोबतीला येणाऱ्या माणसाचे ७०० कारण त्याचा खर्च फक्त जेवण आणि सीटचा.

ज्यांना पूर्ण रक्कम जड जाते त्यांनी मला किंवा खजिनदारांना एकट्याला गाठून सांगायचं, जमेल तेवढं द्यायचं, विषय तिथेच संपला. यादीत कोणी किती दिले हे लिहिलेलं नसतं. पैशासाठी कोणी घरी राहिलं तर आम्हाला खरंच वाईट वाटेल.

एसटीत ७५ च्या पुढे फुकट आहे, मग आपल्या बसला का नाही?

कारण ती सवलत महामंडळाच्या नेहमीच्या फेऱ्यांना आहे (७५ पूर्ण झालेल्यांना मोफत, ६५ ते ७५ ना अर्धं तिकीट, महिलांना अर्धं तिकीट), आणि आपली बस खाजगी, भाड्याने घेतलेली आहे. पण सिन्नर, निफाड, दिंडोरीहून जे येणार आहेत त्यांनी सीबीएसपर्यंत एसटीने यावं, तिथे सवलत लागू आहेच, आधार कार्ड जवळ ठेवा. सीबीएसच्या स्टॉपवर आपला माणूस साडेआठपासून उभा असेल.

जॅझ आम्हाला कळणार का हो? आमचं आयुष्य भावगीतात आणि जुन्या हिंदी गाण्यात गेलं.

हा सगळ्यात जास्त आलेला प्रश्न, म्हणून जरा सविस्तर सांगतो.

जुनी हिंदी गाणी ऐकलीत ना, मग जॅझ तुमच्या कानात कधीचा शिरलाय. सी. रामचंद्र आपल्याच गोदावरीकाठच्या, नगर जिल्ह्यातल्या पुणतांब्याचे. भगवानदादांच्या 'अलबेला'ला, म्हणजे १९५१ साली, त्यांनी जे संगीत दिलं त्यात ट्रम्पेट वाजवणारे चिक चॉकलेट होते. हे मूळचे गोव्याचे, खरं नाव अँटोनिओ झेवियर वाझ, आणि मुंबईत ताज हॉटेलात त्यांचा स्वतःचा जॅझ बँड. लोक त्यांना भारताचे लुई आर्मस्ट्राँग म्हणायचे. रात्री हॉटेलात जॅझ आणि दिवसा स्टुडिओत सिनेमाची गाणी, असं त्या काळी कितीतरी गोवेकर वादकांचं आयुष्य होतं. चर्चच्या शाळेत लहानपणीच स्टाफ नोटेशन (पाच रेघांवर सूर लिहायची पाश्चात्त्य पद्धत) शिकलेली ही मंडळी, संगीतकाराने चाल गुणगुणली की पन्नास वादकांसाठी कोणी काय वाजवायचं ते कागदावर लिहून काढायची. अँथनी गोन्साल्विस, सॅबेस्टियन डिसूझा, फ्रँक फर्नांड ही नावं पडद्यावर मोठ्या अक्षरात कधी आली नाहीत, पण ज्या गाण्यांवर तुम्ही कॉलेजात पायाने ठेका धरलात त्यात यांचा हात आहे.

मूळचा जॅझ अमेरिकेतला, न्यू ऑर्लिन्स शहरातल्या कृष्णवर्णीय लोकांनी विसाव्या शतकाच्या सुरुवातीला घडवलेला. मुंबईत तो १९३५ च्या सुमाराला ताजमध्ये आला, लिऑन ॲबी नावाच्या व्हायोलिनवादकाच्या बँडबरोबर. म्हणजे आपल्यातल्या सगळ्यात ज्येष्ठ आजींच्या जन्माच्या आसपासची गोष्ट. परका कसला?

आणि शास्त्रीय ऐकणाऱ्यांना तर उलट जास्त मजा येईल. चाल ठरलेली, चक्र ठरलेलं, पण मधलं सगळं त्या क्षणी सुचलेलं. ब्लूज नावाच्या प्रकारात बहुतेक वेळा चार-चार मात्रांचे बारा खण असतात, म्हणजे अठ्ठेचाळीस मात्रांचं एक आवर्तन, ते फिरत राहतं आणि प्रत्येक वादक आपापली आवर्तनं घेतो. कीबोर्ड आणि बास (खालच्या सुरांचं तारांचं वाद्य) खाली चक्र धरून ठेवतात. शेवटी सगळे मिळून मूळ चालीवर येतात, तेव्हा समेवर आल्यासारखी मान आपोआप हलते. कधीकधी सॅक्सोफोन चार खण वाजवतो, ड्रमवाला चार खणांत उत्तर देतो, आपल्याकडच्या सवाल-जवाबासारखंच.

पहिल्या सत्राच्या सुरुवातीला बँडचे प्रमुख दहा मिनिटं हेच वाजवून दाखवणार आहेत: एकच चाल आधी सरळ, मग झोके देत, मग मोकळी सोडून. तेवढं लक्ष देऊन ऐका, पुढचं आपोआप उलगडतं. नाही उलगडलं तरी ट्रम्पेट आवडलं म्हणून आवडलं, एवढंही पुरे.

टाळ्या कधी वाजवायच्या? मधेच वाजवल्या तर बरं दिसतं का?

मधेच वाजवायच्या! एका वादकाचं एकट्याचं वाजवणं संपलं की तिथल्या तिथे, गाणं चालू असतानाच. वादकांना ते हवं असतं. "वाह", "क्या बात है" पण चालतं, जोरात म्हणा.

ठेक्याला टाळी धरायची तर मात्र एक गंमत आहे. आपला हात सवयीने पहिल्या मात्रेवर पडतो, भजनातही तसाच पडतो. जॅझमध्ये चारपैकी दुसऱ्या आणि चौथ्या मात्रेवर टाळी देतात. एक सोडून दोन, तीन सोडून चार. सुरुवातीला हात ऐकत नाही. मग एकदा जमलं की सगळं लॉन एकत्र झुलायला लागतं, त्याची मला फार उत्सुकता आहे.

मला कानाचं मशीन आहे. मोठा आवाज सहन होत नाही. येऊ का?

या. स्पीकर फक्त गायिकेसाठी आणि कीबोर्डसाठी, तेही बेताचे. ड्रमवाल्यांना काड्यांऐवजी जास्त करून ब्रश वापरायची विनंती केलीय आणि त्यांनी आनंदाने हो म्हटलंय.

मशीनबद्दल एक सांगतो, बऱ्याच जणांना माहीत नसतं. मशीन मुळात बोलणं स्पष्ट ऐकू यावं म्हणून सेट केलेलं असतं, त्यामुळे संगीत कधी फाटल्यासारखं, कधी शिट्टी मारल्यासारखं ऐकू येतं. तुमच्या ऑडिओलॉजिस्टला विचारा, बऱ्याच मशीनमध्ये संगीतासाठी वेगळा प्रोग्रॅम टाकून मिळतो. तो नसेल तर आवाज थोडा कमी करून बसा. जास्तीचे सेल आणा. आणि जागा मधल्या रांगेत घ्या, ड्रमच्या शेजारी नको.

वयाप्रमाणे उंच पट्टीचे आवाज आधी कमी ऐकू यायला लागतात, खालचे बराच काळ टिकतात. म्हणून झांजांचा किणकिणाट निसटला तरी डबल बास, ते माणसाएवढं उंच उभं वाद्य, बऱ्याच जणांना छान ऐकू येतं. वाजवणाऱ्याच्या डाव्या हाताकडे बघत ऐका. तार दाबणारं बोट जाड तारेवरून सरकताना दिसतं आणि सूर पोटात जाणवतो.

फर्माईश चालेल का? आणि नाच? आणि व्हिडिओ?

जुन्या हिंदी गाण्यांची फर्माईश चिठ्ठीवर लिहून द्या, दुसऱ्या सत्रात दोन-तीन घेतील. नाचा, जरूर नाचा, डाव्या बाजूला सपाट फरशी त्यासाठीच मोकळी ठेवलीय कारण लॉनवर पाय मुरगळतो. चप्पल-सँडलला मागे पट्टा हवा. व्हिडिओ एक-दोन मिनिटांचा काढा, पूर्ण कार्यक्रम नको, आणि दुसऱ्या कोणाचा नाचतानाचा व्हिडिओ त्यांना विचारल्याशिवाय कुठल्याही ग्रुपवर टाकायचा नाही म्हणजे नाही.

जेवणात काय आहे?

बाजरीची आणि ज्वारीची भाकरी, पोळी, वांग्याचं भरीत, मटकीची उसळ, काळ्या मसाल्याची शेवभाजी (तिखट वेगळं, कमी तिखटाची वेगळी), मुगाची खिचडी, कढी, कोशिंबीर, आणि गोडाला शेवयांची खीर. सगळं शाकाहारी. नाश्त्याला उपमा आणि इडली. मिसळ का नाही असं चार जणांनी विचारलं, नाशिककर असून मिसळ नाही म्हणजे काय. पण सकाळी झणझणीत रस्सा आणि मग दिवसभर खुर्चीत बसणं, ॲसिडिटीवाल्यांचे हाल होतात, म्हणून नाही.

दाताचा त्रास असणाऱ्यांसाठी खिचडी मऊ केलेली असेल आणि भाकरी दुधात कुस्करून हवी तर दूध सांगून ठेवलंय. जैन जेवण आणि उपासाचं ताट आधी कळवलं तर नक्की मिळेल, ऐनवेळी सांगितलं तर फक्त केळं आणि दाणे मिळतील. हुरड्याचे दिवस आहेत म्हणून दुपारच्या चहाआधी थोडा हुरडाही ठेवलाय, चवीपुरता, पोट नाजूक असलेल्यांनी जपून.

ताट वाढून टेबलावर येणार. बुफेच्या रांगेत हातात ताट धरून उभं राहायचं नाही.

शुगर आहे, इन्सुलिन घेतो. दिवसभर बाहेर झेपेल का?

झेपेल, वेळा पाळल्या तर. आपला नाश्ता सव्वादहाला आहे, तो तुमच्यासाठी उशिराचा. म्हणून घरून नेहमीच्या वेळी खाऊन, नेहमीची गोळी किंवा इन्सुलिन घेऊन निघा. उपाशीपोटी गोळी घेऊन बसमध्ये बसू नका. जेवणाची साडेबाराची वेळ पक्की आहे, बँड रंगला तरी बारा वाजता थांबणार असं ठरवून घेतलंय. इन्सुलिन पेन हातातल्या पिशवीत ठेवा, डिकीत किंवा खिडकीच्या उन्हात नको.

घाम फुटला, हात थरथरले, एकदम गळल्यासारखं वाटलं की शेजारच्याला लगेच सांगा, "जेवणापर्यंत कळ काढतो" असं म्हणू नका. ग्लुकोमीटर आहे, साखर आहे. तीन चमचे साखर पाण्यातून, पंधरा मिनिटांनी परत तपासणी, असं आपले स्वयंसेवक शिकलेत. माणूस शुद्धीवर नसेल तर तोंडात काहीही घालायचं नाही, हेही त्यांना पक्कं माहितीय. खीर खायची का हा तुमचा आणि तुमच्या डॉक्टरांचा प्रश्न, पण बिनसाखरेचा चहा वेगळ्या थर्मासमध्ये असेल.

मला वारंवार लघवीला जावं लागतं. म्हणून मी कुठे जातच नाही.

हे फोनवर हळू आवाजात सांगणारे खूप जण आहेत, बायका तर जास्तच, आणि याच एका कारणाने माणसं वर्षानुवर्षं घरात बसतात. म्हणून स्पष्ट लिहितो. बस अर्ध्या-पाऊण तासाच्या आत कुठे ना कुठे थांबते. प्रत्येक थांब्यावरचं टॉयलेट आम्ही आधी जाऊन पाहिलंय, कमोड आहे, पाणी आहे, कडी लागते. रिसॉर्टवर लॉनपासून पन्नास पावलांवर चार टॉयलेट आहेत, दोन ठिकाणी धरायला दांडा आहे. कार्यक्रम चालू असताना उठलात तर कोणी मागे वळून बघणार नाही, कडेच्या खुर्च्या त्यासाठीच राखून ठेवल्यात, फॉर्मवर फक्त 'कडेची खुर्ची' लिहा, कारण लिहायची गरज नाही. वाटेत कुठेही "गाडी थांबवा" म्हटलं की ड्रायव्हर थांबवेल, तसं त्यांच्याशी बोलणं झालंय.

दोन गोष्टी करू नका. पाणी प्यायचं सोडू नका. आणि बीपीबरोबरची लघवीची गोळी आपल्या मनाने बंद करू नका, त्या दिवशी वेळ बदलून घेता येईल का हे डॉक्टरांना आधी विचारा.

गुडघे दुखतात, बसची पायरी उंच असते, काय करायचं?

रुंद पाट्याचा, खाली रबर लावलेला लाकडी स्टूल बसबरोबर असतो, दारात ठेवला की पहिल्या पायरीची उंची निम्मी होते. चढताना चांगला पाय आधी, उतरताना दुखरा पाय आधी, हे लक्षात ठेवा, फिजिओथेरपिस्ट हेच शिकवतात. उतरताना घाई नको, शक्यतो दांडा धरा, माणसाचा हात दुसऱ्या बाजूला. पुढच्या दोन रांगा गुडघेवाल्यांच्या. लॉनवर खुर्च्या हात असलेल्या आहेत, बिनहाताच्या प्लास्टिकच्या खुर्चीतून उठणं किती अवघड जातं ते आम्हाला माहितीय.

व्हीलचेअर चालेल का?

घडी होणारी असेल तर बसमध्ये येते. रिसॉर्टच्या गेटपासून लॉनपर्यंत फरशी आहे, जेवणाच्या हॉलला उतार आहे. सोमेश्वरला मात्र बसमध्येच बसावं लागेल, हे आधीच सांगतो. बसमध्ये चढणं अजिबात शक्य नसेल तर कारने आणतो (स्टॉपच्या प्रश्नात लिहिलेल्या गाड्या), मग चढ-उतार एकदाच.

पेसमेकर आहे / नुकतंच मोतीबिंदूचं ऑपरेशन झालंय / घरी ऑक्सिजन लागतो. चालेल?

तिन्हींची उत्तरं वेगळी. पेसमेकरवाल्यांनी या, बँडचा त्रास नाही, फक्त मोठ्या स्पीकरला टेकून उभं राहू नका कारण त्यात लोहचुंबक असतं, आणि पेसमेकरचं कार्ड खिशात ठेवा. मोतीबिंदूच्या ऑपरेशननंतर लगेचच्या दिवसांत धूळ, ऊन आणि धक्के नकोत, त्यामुळे तुमच्या डोळ्यांच्या डॉक्टरांचं 'हो' हवं, काळा चष्मा हवा. घरी ऑक्सिजन लागत असेल तर या सहलीला आम्ही नाही म्हणतोय, कारण दिवसभराची खात्री देता येत नाही आणि अर्धवट खात्रीवर तुम्हाला न्यायचं नाही. त्यांच्यासाठी दुसरं काहीतरी, शहरातच, दोन तासांचं करायचं मनात आहे.

माझ्या मिस्टरांना विसरायला होतं. मधेच उठून चालायला लागतात. त्यांना आणू का?

वहिनी, आणा. पण दोन गोष्टी. सोबत तुमच्याशिवाय अजून एक माणूस हवा, म्हणजे तुम्हालाही दहा मिनिटं निवांत बसता येईल, घरचं कोणी नसेल तर आम्ही एक स्वयंसेवक फक्त त्यांच्यासाठी देऊ. दुसरं, त्यांच्या खिशात नाव आणि तुमचा नंबर लिहिलेली चिठ्ठी ठेवा. धरणाच्या पाण्याच्या बाजूचं फाटक दिवसभर बंद राहील आणि तिथे माणूस असेल. त्यांच्या तरुणपणची आवडती गाणी कोणती ते कळवा. बाकी कितीतरी पुसलं गेलं तरी गाणं बऱ्याचदा शिल्लक राहिलेलं असतं, बँडला ती आधी देऊन ठेवतो.

मी एकटी आहे, कोणी ओळखीचं नाही. सगळे जोडीने असतील ना?

नाही, जवळजवळ निम्मे लोक एकटेच आहेत. बसमध्ये शेजार आम्ही आधीच जुळवतो, जेवणाचं टेबल सहा जणांचं, आणि प्रत्येक टेबलावर आमचा एक माणूस. फॉर्मवर 'एकटी/एकटा' अशी खूण करा, दोन दिवस आधी तुमच्या स्टॉपवरची एक काकू तुम्हाला फोन करेल.

संक्रांतीचे दिवस आहेत, बसमध्ये हळदीकुंकू करायचं का?

तिळगूळ सगळ्यांना, आणि वाण लुटायचं असेल तर सगळ्याजणींना. कोण सवाष्ण, कोण नाही, हा प्रश्न आपल्या बसमध्ये येणार नाही. कुंकू ज्यांना लावून घ्यायचंय त्या लावून घेतील. आपल्यातल्या कितीतरी जणींनी वर्षानुवर्षं या दिवसांत दार लावून घरात बसून काढलीत, इथे तसं होऊ द्यायचं नाही. वाण आणायचं तर हलकं काहीतरी आणा, हातरुमाल, छोटी डबी, स्टीलचं पातेलं नको, परतताना ओझं होतं.

नाशिकला येऊन वाइन नाही का?

सहलीच्या पैशात नाही आणि टेबलावरही नाही. वायनरीचा रस्ता लागतो, द्राक्षबागा खिडकीतून दिसतील, आणि वाइनला आमचा नैतिक विरोध वगैरे अजिबात नाही. पण झोपेच्या, शुगरच्या, रक्त पातळ करण्याच्या गोळ्या घेणारे इतके जण आहेत की दुपारच्या उन्हात ती जोखीम नको. त्याऐवजी काळ्या द्राक्षांचा ताजा रस आहे (शुगरवाल्यांनी अर्धा घोटच, वरचा प्रश्न बघा).

काय घालायचं, काय आणायचं?

जानेवारीत नाशिकची सकाळ बोचरी असते, धरणाच्या बाजूला वारा अजून गार, आणि बाराला कडक ऊन. म्हणून एकावर एक: स्वेटर किंवा जॅकेट, कानटोपी, आत सुती. शाल पायांवर घ्यायला. टोपी किंवा स्कार्फ. दिवसभराची औषधं अधिक एक डोस जास्त. औषधांची यादी कागदावर, फोनमध्ये नको, कारण गरजेच्या वेळी फोनचा पासवर्ड कोणालाच माहीत नसतो. दागिने घरी ठेवा.

कोणाला काही झालं तर?

बसच्या मागे एक कार दिवसभर रिकामी उभी असते. आपल्यातल्या एक निवृत्त नर्सबाई सोबत आहेत. गंभीर वाटलं की १०८ ला फोन आणि नातेवाइकांना फोन एकाच वेळी, दोन वेगळी माणसं करतात. छातीत दुखणं, तोंड वाकडं होणं, बोलताना जीभ जड होणं, एका बाजूचा हात उचलता न येणं, यात "थोडं बघू" करायचं नाही. कोणी पडलं तर घाईने ओढून उभं करायचं नाही, आधी कुठे दुखतंय ते विचारायचं. हे सगळं बसमध्ये पुन्हा सांगणार आहोत.

पैसे भरले आणि ऐनवेळी जमलं नाही तर? सुतक आलं तर?

रविवार संध्याकाळपर्यंत सांगितलं तर पूर्ण परत, कारण सोमवारी ताटांचा आकडा द्यावा लागतो. त्यानंतर बदली माणूस दिलात तर तुमचे पैसे परत, नाहीतर अर्धे. आजारपण आणि सुतक याला अपवाद: कधीही कळवा, सगळे परत, कागद कोणी मागणार नाही. सुतकात यायचं की नाही हे ज्याच्या त्याच्या घरचं, आम्ही कोणाला अडवत नाही आणि कोणाला आग्रहही करत नाही.

मी पुण्याला असतो. बाबांना न सांगता त्यांचं नाव नोंदवलं तर चालेल? त्यांना विचारलं की ते नाहीच म्हणतात.

दादा, नाही. तुमच्या भावना पोचल्या, पण नाव त्यांच्या स्वतःच्या होकारानेच लागतं. ते 'नाही' का म्हणतात ते आधी विचारा. बहुतेक वेळा कारण याच प्रश्नांमध्ये कुठेतरी असतं, गुडघा, टॉयलेट, कान, पैसा, नाहीतर आई गेल्यापासून एकटं जायची सवय नसणं. ते कारण आम्हाला कळवा, त्यांच्याच वयाचे आमचे एक काका त्यांच्याशी फोनवर बोलतील. तरी नाहीच म्हणाले तर त्यांचा शब्द शेवटचा.

बसमध्ये वस्तू राहिली तर?

प्रत्येक स्टॉपला उतरायच्या आधी "चष्मा, काठी, मोबाइल, कवळी, शाल" अशी यादी मोठ्याने वाचतो. तरी राहिलीच तर रात्री फोटो ग्रुपवर येईल, आणि दुसऱ्या दिवशी सकाळी तुमच्या स्टॉपजवळच्या स्वयंसेवकाकडे ती मिळेल. काठीवर आणि शालीच्या आतल्या बाजूला नाव लिहिलेली पट्टी चिकटवा, एकसारख्या काठ्या फार असतात.